घर बंद केलं की ती दार का कुरतडते? कुत्र्याला एकटं राहायला शिकवताना

(या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी जसंच्या तसं.)

००:००

बसमध्ये असाल, सिग्नलला अडकला असाल किंवा ओट्यावर फोन ठेवून भांडी घासत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा एपिसोड कुत्र्यांवर आहे, पण 'कुत्र्यांच्या पाच गोंडस सवयी' टाइपचा नाही. तुम्ही घराबाहेर पडलात की कुत्रा घर फाडतो, शेजारी तक्रार करतात आणि परत येताना लिफ्टमध्येच पोटात गोळा येतो, असं तुमचं असेल तर हा एपिसोड तुमच्यासाठी. माझ्या पोटात तो गोळा चार महिने होता.

माझी बुंदी. साडेतीन वर्षांची इंडी, म्हणजे आपली गावठी कुत्री. पिवळसर रंग, एक कान उभा, एक पडलेला. कोथरूडमध्ये मी आणि माझी रूममेट भाड्याने राहतो, तिथल्या पार्किंगमध्ये ती पिल्लू असताना सापडली. वर्क फ्रॉम होम होतं तोवर सगळं मस्त. मग ऑफिसने सांगितलं, आता पाचही दिवस या. रूममेटचंही तेच.

जुलैतला एक मंगळवार. संध्याकाळी सातला लिफ्टमधून बाहेर आले तर समोरच्या काकू दारातच उभ्या. म्हणाल्या, "अगं, तुझं कुत्रं दिवसभर रडतं. आमच्या सासूबाईंना दुपारी डोळा लागत नाही." मी सॉरी म्हणत कुलूप उघडलं. दाराच्या चौकटीचं लाकूड खालून वीतभर सोललेलं. फरशीवर लाळेचं थारोळं. एका नखातून रक्त. आणि दोन वर्षांत एकदाही घरात शू न केलेल्या बुंदीने दाराशीच शू केलेली.

मी काय केलं? ओरडले. ती कोपऱ्यात गेली, कान मागे, शेपूट पायात. मला वाटलं, बघा, हिला बरोबर कळतंय काय केलंय ते.

नव्हतं कळत. आणि आजच्या एपिसोडमधलं बरंचसं इथूनच सुरू होतं.

०३:२०

अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या संशोधक आहेत, न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमध्ये. २००९ साली त्यांनी चौदा कुत्र्यांवर एक साधा प्रयोग केला. मालक कुत्र्यासमोर खाऊ ठेवतो, "नाही खायचं" म्हणतो आणि खोलीबाहेर जातो. परत आल्यावर त्याला सांगितलं जातं की कुत्र्याने खाल्लं किंवा नाही खाल्लं. यातली मेख अशी की कधीकधी मालकाला मुद्दाम खोटं सांगायचे. तर आपण ज्याला 'अपराधी चेहरा' म्हणतो ना, तो कुत्र्याने खाल्लं की नाही यावर ठरतच नव्हता. मालक रागावला की दिसायचा. उलट काहीही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तो जास्त दिसला.

म्हणजे बुंदी कोपऱ्यात गेली ती पश्चात्तापाने नाही. दिवसभर घाबरून काढल्यावर जिची वाट बघितली तीच आल्या आल्या अंगावर ओरडली, म्हणून गेली. हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून चौकट दुरुस्त होत नाही, तर पुढे चला.

तेवढ्यात घरमालक काकांपर्यंत बातमी गेली होती. आमचा अकरा महिन्यांचा करार ऑक्टोबरअखेर संपत होता. काका माणूस वाईट नाही, पण स्पष्ट म्हणाले, "करार संपेपर्यंत काहीतरी कर. नाहीतर पुढचा करार कुत्र्याशिवाय." बाबा फोनवर म्हणाले, "गावी शेतावर सोड तिला, मोकळी राहील." हे 'शेतावर सोडणं' आपल्याकडे फार सहज बोललं जातं. फ्लॅटमध्ये वाढलेली कुत्री अनोळखी शेतावर सोडली तर तिथली आधीची कुत्री तिला आत घेत नाहीत, ती पळते, रस्त्यावर येते. शिवाय पाळलेला प्राणी असा वाऱ्यावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. बाबांना मी एवढंच म्हटलं, "बघते."

०६:४५

आधी काय बघायचं? तर तुम्ही नसताना नक्की काय होतं, ते. घरात एक जुना, स्क्रीन फुटलेला फोन असतोच. तो चपलांच्या स्टँडवर ठेवा, त्यावरून स्वतःच्या फोनला व्हिडिओ कॉल लावा, आपला माइक म्यूट करा आणि निघा. मी खाली पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून बघितलं.

नऊ वीसला दार बंद केलं. दीड मिनिट ती दाराशी नुसती उभी. मग फेऱ्या, दार ते खिडकी, खिडकी ते दार. चौथ्या मिनिटाला पहिलं रडणं, म्हणजे तोंड वर करून लांब सूर. अकराव्या मिनिटाला दोन्ही पंजांनी दार खरवडायला लागली. मी निघताना चिकनचे तुकडे ठेवले होते, त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी वर गेले, आणि दोन मिनिटांत वाटी साफ.

या व्हिडिओवरून बरंच कळतं. कंटाळलेला कुत्रा आणि घाबरलेला कुत्रा यांच्यात फरक आहे. कंटाळलेला आधी झोप काढतो, मग तासा-दोन तासाने उठून तुमची चप्पल, उशी, रिमोट असं काहीतरी शोधतो आणि मजेत चावत बसतो. त्याला जास्त फिरवलं, चावायला काहीतरी दिलं की बरंच भागतं. सेपरेशन अँक्झायटीत गडबड बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होते, मोडतोड दार-खिडकीपाशी असते, कारण बाहेर पडायचं असतं, आणि आवडता खाऊही घशाखाली उतरत नाही. लाळ, धापा, शू-शी, सतत रडणं.

आणखीही शक्यता असतात. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर दात येतायत म्हणून चावतं. काही कुत्री एकटेपणाला नाही, बंद खोलीला किंवा पिंजऱ्याला घाबरतात. काही फक्त आवाजाला. आणि घरात शू होत असेल तर आधी लघवीची तपासणी करा. आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तीच करायला लावली. इन्फेक्शन असेल आणि तुम्ही महिनाभर ट्रेनिंग करत बसलात तर काय उपयोग?

०९:३०

आता मुद्द्याचं. बुंदी चिडलेली नव्हती, सूड घेत नव्हती, लाडावलेलीही नव्हती. तिला पॅनिक अटॅक येत होता. रोज.

हंगेरीतल्या योझेफ टोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान बाळ आणि आई यांचं नातं तपासायची एक जुनी चाचणी आहे. अनोळखी खोली, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते, बाळ काय करतं ते बघायचं. त्यांनी तीच चाचणी कुत्री आणि मालकांवर केली, आणि कुत्र्यांचं वागणं बाळांच्या खूप जवळचं निघालं. मालक खोलीत असताना ती मोकळेपणाने खेळतात, तो गेला की दाराशी जाऊन उभी राहतात. आता बहुतेक कुत्री थोडी अस्वस्थ होऊन झोपी जातात. काहींना ते जमत नाही. घर बदलणं, माणसं बदलणं, किंवा आमच्यासारखं दोन वर्षं चोवीस तास सोबत आणि मग एका सोमवारपासून दहा तास एकटं, हे निमित्त ठरतं.

मला खूप जणांनी सांगितलं, "रडू दे, चार दिवसांत सवय होईल." आमच्या गावी मुलांना पोहायला असंच शिकवायचे, विहिरीत ढकलून. बरीच शिकली. पण माझा एक चुलतभाऊ आज तीस वर्षांचा आहे आणि गुडघाभर पाण्यात उतरत नाही. पॅनिकची सवय होत नाही. उलट प्रत्येक वेळी कुत्रा एवढंच शिकतो की दार बंद होणं म्हणजे संकट. त्यामुळे उपचार उलट्या बाजूने करावा लागतो. भीती सुरू व्हायच्या आत तुम्ही परत यायचं. ती दीड मिनिटाने अस्वस्थ होत असेल तर तुमची सुरुवात दीड मिनिटाच्या बरीच अलीकडे. सेकंदांत.

आणि म्हणूनच दुसरी, जास्त अवघड अट येते. हे ट्रेनिंग चालू असताना कुत्र्याला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त वेळ एकटं सोडायचं नाही. सकाळी वीस सेकंदांचा सराव आणि मग दहा तास ऑफिस, असं केलं तर सकाळचं सगळं पाण्यात.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अक्षरशः हसले. नोकरी कोण करणार मग?

१३:१०

जमवलं कसं ते सांगते, कारण इथेच बहुतेक जण सोडून देतात. मी आठवड्याचा तक्ता केला. मॅनेजरला खरं कारण सांगून बुधवारचं वर्क फ्रॉम होम मागून घेतलं, तीन महिन्यांपुरतं. रूममेटने एक दिवस दुपारची शिफ्ट घेतली. एक दिवस पाळणाघर, कुत्र्यांचं, दिवसाला सहाशे रुपये. उरले दोन दिवस आणि इकडचे-तिकडचे तास. दुसऱ्या मजल्यावर एक रिटायर्ड आजोबा आहेत, त्यांचा कुत्रा मागच्या वर्षी गेला. मी चाचरत विचारलं. ते म्हणाले, "पेपर इथे वाचला काय नि तिथे वाचला काय." रोज सकाळी साडेनऊला चष्मा आणि पेपर घेऊन तिच्याकडे यायचे.

यातून एक गोष्ट कळली. बुंदीला मीच हवी होते असं नव्हतं. कुणीतरी माणूस हवं होतं. बहुतेक कुत्र्यांचं तसंच असतं, पण काहींना ठरावीक एकच माणूस लागतो. तुमच्याकडे काय आहे ते कॅमेऱ्यावर तपासा, कारण त्यावर तुमचा सगळा तक्ता ठरतो.

आणि हो, समोरच्या काकूंकडे मी स्वतः गेले, व्हिडिओ दाखवला. म्हटलं, काकू, तीन महिने द्या, आणि रडणं ऐकू आलं तर भांडण नको, व्हॉट्सअॅप करा. त्यांनी खरंच केले. वेळेसकट. माझ्याकडचा सगळ्यात चांगला डेटा तोच होता!

१५:४०

आता सराव. पहिला आठवडा मी घराबाहेर गेलेच नाही. बुंदीची भीती दार बंद होण्याआधीच सुरू व्हायची. मी स्कार्फ बांधायला घेतला की ती धापा टाकायला लागायची. मग हेल्मेट, मग किल्ल्यांचा आवाज. म्हणून मी दिवसातून दहा वेळा किल्ल्या उचलायचे आणि चहा करायला जायचे. स्कार्फ बांधून सोफ्यावर रील्स बघायचे. हेल्मेट घालून कांदा चिरला आहे मी, रूममेटकडे फोटो आहे. चार-पाच दिवसांनी किल्ल्या वाजल्या तरी ती मान वर करेनाशी झाली.

मग दार. लॅचला हात लावायचा, परत यायचं. दार उघडायचं, परत. बाहेर पाऊल, दार लोटून घ्यायचं, तीन सेकंद, परत. एका सत्रात पाच-सहा वेळा, साधारण पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दोन दिवस सुट्टी. तिलाही आणि मलाही.

वेळ सरळ रेषेत वाढवायची नाही. दहा सेकंद, वीस, तीस, चाळीस असं केलं तर कुत्र्याला कळतं की हे वाढतच चाललंय. मी वीस, पाच, तीस, दहा, पंधरा असं करायचे. आणि डोळा सतत फोनवर. रडण्याची वाट बघायची नाही. रडणं म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. त्याच्या आधीच्या खुणा बघायच्या. ओठ चाटणं, विनाकारण जांभई, अंग ताठ करून दाराकडे रोखून बघणं, धाप. यातलं काही दिसलं की आत जायचं आणि पुढच्या वेळी निम्म्या वेळेवर यायचं.

खाऊबद्दल दोन शब्द. आत दही-भात भरून फ्रीजरमध्ये घट्ट केलेलं रबरी खेळणं, जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवलेले भाकरीचे तुकडे, हे कंटाळलेल्या कुत्र्यासाठी उत्तम. बुंदीला सुरुवातीला याचा उपयोग झाला नाही. ती संपेपर्यंत चाटायची आणि संपल्याच्या पुढच्या सेकंदाला दाराशी. शिवाय 'खाऊ दिला म्हणजे ही चालली' हे समीकरण तिने दोन दिवसांत पक्कं केलं. म्हणून खाऊ मी घरी असतानाच द्यायचे. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट यातलं काही भरू नका, कुत्र्यांना ते विषारी आहे. पीनट बटर घेणार असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना, तेवढं बघा.

१९:०५

तीन आठवड्यांनी आम्ही चाळीस सेकंदांवर होतो. चाळीस! मला रडू आलं. डॉक्टरांकडे गेले, त्यांनी व्हिडिओ बघितले आणि म्हणाले, आपण औषध सुरू करू.

मला ते ऐकून अपराधी वाटलं. कुत्रीला डिप्रेशनच्या गोळ्या? पण ऐका. क्लोमिप्रामिन या औषधाला कुत्र्यांच्या सेपरेशन अँक्झायटीसाठी अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये. दोन्ही ट्रेनिंगच्या जोडीने द्यायची, ट्रेनिंगऐवजी नाही. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी जास्त. बुंदीला फ्लुओक्सेटिन दिलं. पहिले दहा दिवस ती थोडी सुस्त होती, जेवण कमी झालं, मग सावरली. औषधाने कुत्रा शहाणा होत नाही, पण भीतीची पातळी एवढी खाली येते की शिकवलेलं डोक्यात शिरायला जागा मिळते.

हे मेडिकलमधून आपल्या मनाने आणून देऊ नका. डोस वजनावर ठरतो, आणि इतर औषधांशी भांडण होतं. उदाहरणार्थ, आपल्याकडे गोचिडांसाठी अंगाला लावतात त्यात अमिट्राझ असतं, ते या दोन्ही औषधांबरोबर चालत नाही. म्हणून अंगाला काय लावता तेही डॉक्टरांना सांगा. आणि कुणी नुसतं गुंगीचं औषध देऊ म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्याने शरीर पडून राहतं, आतली भीती तशीच राहू शकते.

सातव्या आठवड्यात नऊ मिनिटं झाली. मी पार्टीच्या मूडमध्ये. आणि तेवढ्यात गणपती आले. त्याच्या आधीचे काही आठवडे पुण्यात संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचे सराव असतात, ते ती सहन करत होती. पण ऐन उत्सवात एका संध्याकाळी मी दाराबाहेर असतानाच आमच्या गल्लीतून मिरवणूक गेली. बुंदी थेट पहिल्या दिवसासारखी. दोन मिनिटांवर परत. मला ढोल आवडतो हो, पण त्या रात्री नाही. विसर्जन होईपर्यंत सराव पूर्ण बंद ठेवला, मग दोन मिनिटांपासून पुन्हा. गंमत म्हणजे दुसऱ्यांदा चढण पटकन चढली. दहाव्या आठवड्यात पंचवीस मिनिटं, बाराव्यात पन्नास. पहिल्या मिनिटांना जेवढे आठवडे लागले तेवढे पुढच्या तासाला नाही लागले.

ऑक्टोबरच्या शेवटी काका आले. मी त्यांना एक तास पन्नास मिनिटांचा व्हिडिओ पळवत दाखवला. त्यात काही घडतच नाही. एक कुत्री झोपते, कूस बदलते, पाणी पिते, झोपते. काका म्हणाले, "यात बघायचं काय?" म्हटलं, काका, हेच. करार झाला. डिपॉझिट पंधरा हजारांनी वाढवलं आणि चौकटीचे साडेसहा हजार माझ्याकडून घेतले, तेही बरोबरच होतं. सोसायट्यांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, अशा भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचना आहेत. त्या मी प्रिंट काढून ठेवल्या होत्या. काढायची वेळ आली नाही, आणि खरं सांगायचं तर करार वाढवायचा की नाही हे शेवटी घरमालकाच्याच हातात असतं.

२४:३०

तुमच्या काही व्हॉइस नोट्स आल्यात, पटापट घेते.

नाशिकहून एकीने विचारलंय, सोबतीला दुसरा कुत्रा आणू का? त्याने बहुतेक वेळा फरक पडत नाही, कारण त्याला माणूस हवं असतं. दुसरा कुत्रा हवाच असेल तर जरूर आणा, पण औषध म्हणून नको. आणायच्या आधी मित्राचा कुत्रा दोन दिवस ठेवून कॅमेऱ्यावर बघा.

ठाण्याच्या एकाने लिहिलंय की तो कामावर जाताना कुत्र्याला बाल्कनीत बांधून जातो, म्हणजे घर सुरक्षित राहतं. दादा, प्लीज नको. घाबरलेला कुत्रा ग्रिल चावून दात मोडून घेतो, साखळी गळ्यात अडकते, उन्हात तडफडतो. कुत्र्याला अवाजवी वेळ आखूड साखळीला बांधून ठेवणं त्याच १९६०च्या कायद्यात बसत नाही. काहीच जमत नसेल तर निदान दाराच्या आतून खालच्या भागाला जाड प्लॅस्टिकची शीट लावा, आणि जमेल तेवढे तास माणसाची सोय करा.

शेवटचा प्रश्न: निघताना आणि आल्यावर त्याच्याकडे वीस मिनिटं दुर्लक्ष करायचं असतं का? हा सल्ला खूप फिरतो. मी पंधरा दिवस करून बघितला आणि सोडला. घाबरलेल्या जिवाला कुरवाळल्याने भीती 'वाढत' नाही. निघताना रडारड, मिठ्या, "आई लवकर येईल हं बाळा" एवढं नाटक नको, पण येता-जाता डोक्यावरून हात फिरवायला काय हरकत आहे?

आता ती चार तास राहते. पाचवा अजून नाही, म्हणून आजोबा आठवड्यातले दोन दिवस अजून येतात. तिच्यासाठी की पेपरसाठी, हे मी विचारलेलं नाही. हा जो ठक-ठक आवाज मागे येतोय ना, तो माइकचा नाही. टेबलाखाली तिची शेपूट आपटतेय. भेटू पुढच्या गुरुवारी.